अब्दुल करीम खाँ

उस्ताद अब्दुल करीम खाँ (जन्म : कैराना, ११ नोव्हेंबर १८७२, मृत्यू : सिंगपेरुमलकोईल, २७ ऑक्टोबर १९३७) हे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील किराणा घराण्याचे श्रेष्ठ गायक होते. जन्माने ते उत्तरेतील असले, तरी त्यांचे बहुतेक कार्य मिरज, पुणे, मुंबई, बेळगाव आणि हुबळी-धारवाड या टापूत झाले. अत्यंत सुरेल, कोमल आणि संथ आलापप्रधान गायकीसाठी ते ओळखले जातात. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास श्रुतिमापनाचे जे प्रयोग केले, त्यांत खाँसाहेबांच्या गळ्यातील स्वर प्रमाण मानले गेले होते. स्वराचा खरेपणा तारेवरील मोजमापाने ठरवावा की तयार कानाने, हा प्रश्न त्या प्रयोगांमुळे महाराष्ट्रातील संगीतरसिकांपुढे ठळकपणे आला. म्हणून खाँसाहेबांच्या चरित्रात या प्रकरणाला विशेष महत्त्व आहे.

जन्म आणि शिक्षण

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म सध्याच्या उत्तर प्रदेशातील कैराना (किराना) या गावी गायक-वादकांच्या कुटुंबात झाला. या गावाच्या नावावरूनच घराण्याला किराणा हे नाव पडले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांनी संगीताचे शिक्षण घेतले. घराण्यात बीन व सारंगी या वाद्यांची परंपरा होती आणि खाँसाहेबांनाही सारंगीचे व वीणेचे चांगले ज्ञान होते. सारंगीला पडदे नसतात. बोट तारेवर नेमके कोठे टेकवायचे, हे वादकाला केवळ ऐकून ठरवावे लागते. त्यांच्या गाण्यातील सूक्ष्म स्वरज्ञानाचा पाया या तंतुवाद्यांच्या संस्कारात असावा, असे मानले जाते. त्यांचे नातलग अब्दुल वहीद खाँ हे किराणा गायकीचे दुसरे मोठे प्रवर्तक होत.

बडोदे आणि मिरज

१८९० च्या दशकात अब्दुल करीम खाँ आपले बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोदे संस्थानात आले आणि तेथे दरबारगायक म्हणून राहिले. बडोद्यातील सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांना ते गाणे शिकवीत. पुढे दोघांनी विवाहाचा निर्णय घेतला व त्यासाठी त्यांना बडोदे सोडावे लागले. काही काळ मुंबईत काढल्यानंतर खाँसाहेब मिरजेस आले.

मिरजेत त्यांना प्लेगची बाधा झाली होती. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायनसेवा केल्यावर ते बरे झाले, अशी आख्यायिका सांगितली जाते. या दर्ग्यावर त्यांची अखेरपर्यंत श्रद्धा होती आणि मिरज हेच त्यांचे घर झाले.

मिरज हे तंतुवाद्ये बनविणाऱ्या कारागिरांचे गाव आहे. शिकलगार घराण्यातील कारागिरांनी तेथे तंबोरे व सतारी बनविण्याचा व्यवसाय नावारूपाला आणला. खाँसाहेबांना स्वतःला वाद्यदुरुस्तीचा नाद होता. भोपळ्याची जात, तबलीची जाडी, घोडीचा उतार आणि तारांची निवड यांत ते जातीने लक्ष घालीत. तंबोऱ्याची जवारी काढणे हे काम अतिशय नाजूक असते. घोडीचा पृष्ठभाग कानसेने किंचित घासून आणि तार व घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवून स्वर खुलवावा लागतो. जवारी लागली की नाही, हे सांगणारी पट्टी कोणत्याही कारागिराकडे नसते. तो घासतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो.

गायकी

खाँसाहेबांचा आवाज बारीक, गोड आणि उंच पट्टीचा होता. त्यांच्या गायकीत तालाशी झुंज घेणाऱ्या लयकारीपेक्षा स्वराला अग्रस्थान होते. विलंबित लयीत एकेक स्वर घेऊन रागाची बढत करणे, त्या स्वरावर दीर्घ काळ थांबणे आणि मींडेने पुढच्या स्वराकडे जाणे ही त्यांची वैशिष्ट्ये होत. ख्यालाइतकीच त्यांची ठुमरी लोकप्रिय झाली. म्हैसूर दरबाराशी आलेल्या संबंधामुळे त्यांना कर्नाटक संगीताचा परिचय झाला. त्यातील सरगम गाण्याची पद्धत त्यांनी आपल्या ख्यालगायनात आणली.

दोन तंबोऱ्यांच्या मध्ये बसून गाणे हा त्यांच्या मैफलीचा महत्त्वाचा भाग होता. तंबोरा उत्तम जुळला, की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधारही ऐकू येतो. याचे कारण भौतिकशास्त्रात सापडते. ताणलेली तार मूळ स्वराबरोबरच त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा कंपनांचे सूक्ष्म स्वरही निर्माण करते. यांपैकी पाचपट कंपनांचा स्वर गंधार असतो. उदाहरणार्थ, खर्जाची तार सेकंदाला १२० कंपने करीत असेल, तर हा स्वर ६०० कंपनांचा, म्हणजे तार सप्तकातील गंधार होतो. किराणा गायक ज्या गंधारावर विसावतो, तो त्याला पाठीमागच्या तंबोऱ्यातून असा सतत मिळत असतो.

श्रुतिमापनाचे प्रयोग

पार्श्वभूमी

एका सप्तकात बावीस श्रुती असतात, हे मत भरताच्या नाट्यशास्त्राइतके जुने आहे. त्यात दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. एक वीणा स्थिर ठेवायची आणि दुसरीचे स्वर पायरीपायरीने उतरवून पहिलीशी ताडून पाहायचे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात प्रत्येकी बावीस तारांच्या दोन वीणांचा प्रयोग दिला. मात्र या दोन्ही ग्रंथांत तारेची लांबी किंवा कंपनसंख्या आकड्यांत दिलेली नाही. स्वर जुळले की नाही, हे कानानेच ठरवायचे होते. त्यामुळे बावीस श्रुती नेमक्या कोणत्या, याविषयी पुढे मतभेद झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हार्मोनियम भारतात आली आणि या मतभेदांना व्यावहारिक महत्त्व प्राप्त झाले. बाजारातील पेटीचे बारा स्वर युरोपीय समविभाजित पद्धतीने लावलेले असतात. त्या पद्धतीत सप्तकाचे बारा समान भाग करतात. त्यामुळे कोणत्याही पट्टीत वाजविण्याची सोय होते, पण षड्ज वगळता प्रत्येक स्वर त्याच्या नैसर्गिक जागेपासून थोडाफार ढळतो. षड्ज २४० कंपनांचा धरला, तर तंबोऱ्यातून येणाऱ्या गंधाराशी मिळणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा होतो आणि पेटीचा सुमारे ३०२.४ कंपनांचा. हे दोन्ही स्वर एकाच वेळी वाजले, तर सेकंदाला दोनतीन वेळा आवाज कमीजास्त होत असल्यासारखी थरथर ऐकू येते. तयार कानाला हा फरक खटकतो. पंचमातील फरक मात्र अर्ध्या कंपनाहूनही कमी असल्याने सहसा जाणवत नाही.

देवल आणि क्लेमंट्स

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. बावीस श्रुतींवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. ई. क्लेमंट्स हे मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी होते. भारतीय संगीताच्या अभ्यासावरील त्यांचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला. प्राचीन ग्रंथांतील श्रुती आणि चालू काळातील गवयांचे स्वर यांचा मेळ आकड्यांनी घालून दाखविणे, हा दोघांचा उद्देश होता. त्यासाठी ज्याचे स्वर निःशंकपणे विश्वसनीय मानता येतील असा गायक हवा होता. अब्दुल करीम खाँ यांनी या कामी सहकार्य केले.

प्रयोगाचे साधन साधे होते. लाकडी पेटीवर तार ताणलेली असे आणि तिच्याखाली सरकती घोडी व मोजपट्टी असे. गायकाने स्वर लावायचा, घोडी सरकवून तार त्या स्वराशी मिळवायची आणि कंप पावणाऱ्या भागाची लांबी वाचायची. तार जितकी आखूड, तितकी कंपने अधिक, हा नियम माहीत असल्याने लांबीवरून स्वराचे गुणोत्तर काढता येते. ९० सेंटिमीटर लांबीच्या तारेवर षड्ज धरला, तर मध्यम ६७.५, पंचम ६० आणि शुद्ध गंधार ७२ सेंटिमीटरवर येतो. समविभाजित गंधार सुमारे ७१.४ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे ज्या फरकाविषयी वाद होता, तो तारेवर अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित अधिक भरतो.

या मापनातून एकाच नावाच्या स्वराच्या एकाहून अधिक जागा मांडल्या गेल्या. षड्ज २४० धरल्यास एक शुद्ध धैवत ४०० कंपनांचा आणि दुसरा ४०५ कंपनांचा ठरतो. पेटीचा धैवत या दोहोंच्या मध्ये, सुमारे ४०३.६ वर येतो आणि दोहोंपैकी कोणाशीच तंतोतंत जुळत नाही. दोन धैवतांमधील हे लहानसे अंतर श्रुतिशास्त्रात प्रमाणश्रुती म्हणून ओळखले जाते.

या प्रयोगांना सामाजिक बाजूही होती. इंग्रजी शिकलेल्या वर्गात त्या काळी असा समज रूढ होता, की मुसलमान उस्तादांना गळा आहे, पण शास्त्र ठाऊक नाही. गुरुमुखातून आलेली त्यांची विद्या कागदावर नसल्याने ती अनिश्चित मानली जाई. खाँसाहेबांच्या स्वरांचे मोजमाप झाल्यावर त्यांची गुणोत्तरे नियमबद्ध असल्याचे देवलांनी दाखविले. कानाने आलेली विद्याही काटेकोर असू शकते, हे यातून पुढे आले.

श्रुतिपेटी आणि बडोदे परिषद

मिळालेल्या आकड्यांवरून बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार करण्यात आली. बडोद्यास मार्च १९१६ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. विष्णू नारायण भातखंडे हे तिचे प्रमुख सूत्रधार होते. श्रुतींचा प्रश्न आणि क्लेमंट्स यांची श्रुतिपेटी हे त्या परिषदेतील चर्चेचे विषय होते. ज्या शहरातून खाँसाहेबांना बाहेर पडावे लागले होते, तेथेच त्यांच्या स्वरांशी जोडलेल्या संशोधनाची अशी परीक्षा झाली.

उपस्थित गायक-वादकांनी पेटीचे स्वर आपल्या स्वरांशी ताडून पाहिले. त्यांच्यात एकमत झाले नाही आणि पेटीला सर्वमान्यता मिळाली नाही. भातखंडे यांची भूमिका निराळी होती. प्रचलित रागांची मांडणी करण्यासाठी बारा स्वर पुरेसे आहेत, असे मानून त्यांनी आपली दहा थाटांची पद्धत रचली. रागातील सूक्ष्म स्वरभेद गायक परंपरेने व सरावाने लावतो, त्यासाठी आकड्यांची आवश्यकता नाही, असे या पक्षाचे म्हणणे होते.

प्रयोगांचे मूल्यमापन

या प्रयोगांवर प्रामुख्याने तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की मापन करणाऱ्यांना प्राचीन बावीस श्रुतींची सिद्धता हवीच होती, त्यामुळे मिळालेले आकडे अपेक्षित गुणोत्तरांच्या जवळ ओढले जाण्याचा संभव होता. दुसरा असा, की एका गायकाचे स्वर सर्वांना प्रमाण कसे मानावेत. तिसरा आक्षेप सर्वांत मूलभूत आहे. तारेवर मोजता येतो तो थांबलेला स्वर. दरबारी कानड्यातील कोमल गंधार आंदोलित असतो, तोडीतील गंधार वरखाली होऊन लागतो आणि मींडेत तर स्वर एका जागी नसतोच. खाँसाहेबांच्या गाण्याचा प्राण अशा हालचालीत होता आणि पेटीची पट्टी दाबून ती हालचाल निर्माण होत नाही.

नाझीर जैराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी उपकरणांच्या साहाय्याने केलेले हिंदुस्तानी संगीतातील स्वरस्थानांचे संशोधन १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. निरनिराळे कलाकार एकच स्वर कमीअधिक उंचीवर लावतात आणि एकाच कलाकाराच्या एका सादरीकरणातही त्यात बदल होतो, असे त्यांना आढळले. बावीस निश्चित बिंदूंच्या कल्पनेला यामुळे धक्का बसला. तथापि मोजमाप निरर्थक ठरले असे नाही. समविभाजित पेटीचा गंधार चढा लागतो, ही गवयांची जुनी तक्रार मनाचा खेळ नसून वस्तुस्थिती आहे, हे मोजमापानेच सिद्ध झाले. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर घातलेली बंदी पुढे सुमारे तीस वर्षे टिकली. तिच्यामागेही स्वरांविषयीचा हा आक्षेप होता.

देवलांच्या प्रयोगाची रचना पाहिली, तर मोजमाप आणि श्रवण हे दोन परस्परविरोधी पक्ष होते असे म्हणता येत नाही. आपोआप स्वर दाखविणारे यंत्र तेथे नव्हते. तार गायकाच्या स्वराशी मिळाली, हा निर्णय कानाचा होता आणि पट्टीने फक्त त्या निर्णयाची नोंद केली. त्या नोंदीमुळे दुसऱ्या ठिकाणच्या माणसाला तो स्वर पुन्हा तपासता आला. अडचण पुढे निर्माण झाली. एका गळ्यातून मिळालेले आकडे नियम म्हणून पेटीत बसविले गेले आणि त्या पेटीने इतर गळ्यांची परीक्षा घ्यावी, अशी अपेक्षा ठेवली गेली. श्रुतिपेटी प्रचारात टिकली नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी मात्र आजही ऐकूनच काढली जाते.

आर्य संगीत विद्यालय

खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यास आर्य संगीत विद्यालय सुरू केले. तेथे गुरुकुल पद्धतीने शिक्षण दिले जाई. विद्यार्थी गुरूंच्या सहवासात राहत आणि संस्थेच्या खर्चासाठी तिकीट लावून जलसे केले जात. शिकविण्यात प्रत्यक्ष गाऊन दाखविण्यावर व शिष्याने ऐकून तसेच म्हणण्यावर भर होता. श्रुतिमापनात सहभागी झालेल्या या गुरूने आपल्या शिष्यांना स्वर शिकविले, ते तंबोऱ्यावरच. काही वर्षांनी विद्यालय बंद पडले.

ध्वनिमुद्रिका

खाँसाहेबांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील आहेत. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायकाला कर्ण्याच्या तोंडाशी बसून गावे लागे आणि तंबोऱ्यासारख्या वाद्याचा मंद झंकार त्यात जवळजवळ उमटतच नसे. १९३० च्या दशकात ओडियन कंपनीसाठी केलेले त्यांचे मुद्रण विद्युत पद्धतीचे असल्याने अधिक स्पष्ट आहे. झिंझोटी, जोगिया, भैरवी इत्यादी रागांतील या मुद्रिका आजही ऐकल्या जातात. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असे. एरवी तासभर चालणारी बढत खाँसाहेबांनी या मर्यादेत संक्षेपाने मांडली.

या मुद्रिका अभ्यासताना एक दक्षता घ्यावी लागते. जुन्या तबकड्या नेहमीच मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित झालेल्या नसत. तबकडी मूळ वेगापेक्षा सुमारे सहा टक्के जलद फिरविली, तर सर्व गाणे अर्ध्या स्वराने चढते. त्यामुळे खाँसाहेबांची पट्टी नेमकी कोणती होती, हे केवळ तबकडीवरून खात्रीने सांगता येत नाही. षड्ज व गंधार यांचे परस्पर प्रमाण मात्र वेग बदलला तरी बदलत नाही, म्हणून त्यांच्या सुरेलपणाची साक्ष अबाधित राहते. आधुनिक साधनांनी खरखर काढताना स्वरातील सूक्ष्म झंकारही पुसला जाऊ शकतो. खरखर किती घटली हे यंत्र सांगते, पण आवाज खाँसाहेबांचा उरला की नाही, हे ऐकूनच पाहावे लागते.

कुटुंब आणि शिष्यपरिवार

ताराबाई व खाँसाहेब यांची पाचही अपत्ये संगीतात पुढे आली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कृष्णराव माने, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही त्यांची नावे होत. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांसह विभक्त झाल्या. हिराबाईंना पुढील तालीम प्रामुख्याने अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून मिळाली.

रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व हे खाँसाहेबांचे सर्वांत प्रसिद्ध शिष्य होत. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, बेहेरेबुवा, रोशन आरा बेगम इत्यादींनीही त्यांच्याकडे शिक्षण घेतले. सवाई गंधर्वांमुळे ही गायकी गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी आणि फिरोज दस्तूर यांच्यापर्यंत पोहोचली. बालपणी खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरीची तबकडी ऐकून भीमसेन जोशी गाण्याकडे ओढले गेले आणि गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. मुद्रणाच्या मर्यादा असलेल्या त्या तबकडीतूनही स्वराची ओळख पटली होती.

मृत्यू आणि स्मृती

ऑक्टोबर १९३७ मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीस रेल्वेने निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडल्याने ते सिंगपेरुमलकोईल या लहानशा स्थानकावर उतरले. फलाटावर अंथरूण घालून त्यांनी प्रार्थना केली व स्वर लावला, आणि तेथेच २७ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले, असे त्यांच्या चरित्रांत वर्णन आहे. त्यांचे पार्थिव मिरजेस आणून मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आले. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते आणि देशभरातील गायक-वादक तेथे हजेरी लावतात.